धाकटा, थोरला, अनिश्चित

६ जानेवारी, सोमवार

दुपारी सव्वातीनला ताईकडे पोचले. सोबत एक बॅग, मापं घ्यायचा व्हर्निअर आणि ही वही. कारखान्यात एकतीस वर्षं रोज संध्याकाळी तपासणीची वही भरली. आता बेअरिंग तपासायला यंत्र आलंय आणि मला निरोपाचं घड्याळ मिळालंय. तरी संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो.

ताई संग्रहालयात पक्षी सांभाळते. जिवंत नव्हेत, कापूस भरलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले, खणांत ओळीने निजवलेले. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "बारके, मोजायला माणूस हवंय. दोन महिने ये." मी छप्पन वर्षांची आहे, पण तिच्या लेखी बारकीच.

मला सगळं कळतं. नोकरी गेली, आता मी घरी एकटी बसून भिंतींशी बोलत असेन असं तिला वाटलंय, म्हणून काहीतरी काम उकरून काढलंय. तिची दया करायची पद्धत पहिल्यापासून हीच. वर आपणच तिच्यावर उपकार करतोय असं भासवायचं. मीही काही कळलं नाही असंच दाखवणार आहे.

७ जानेवारी, मंगळवार

कामाचं स्वरूप असं. कपाट नंबर नऊ. मागे कधीतरी या खोलीचं छत गळलं, तेव्हा पक्षी वाचवायच्या गडबडीत दोन खणांतले चिखल्या एकत्र झाले आणि बहुतेक चिठ्ठ्या सुटल्या. चिखल्या म्हणजे ओल्या किनाऱ्यावर तुरुतुरु पळणारा मुठीएवढा पक्षी. त्यातल्या या दोन भाऊबंद जाती, एक छोटी, एक मोठी. इथे सगळे त्यांना धाकटा आणि थोरला म्हणतात. हिवाळ्यात दोघांचा रंग एकच: पाठ ओल्या वाळूची, पोट पांढरं. एकूण नग १४३.

हा सगळा संग्रह आता एक मोठं संग्रहालय नेणार आहे. फेब्रुवारीअखेर यादी द्यायची. ज्यांची ओळख नाही ते त्यांना नकोत. आणि जुन्या पक्ष्यांना कीड लागू नये म्हणून सोमल, म्हणजे विषच, चोळलेला असतो, त्यामुळे ते फेकूनही देता येत नाहीत. म्हणजे भट्टीत.

पहिल्या दोघांची चोच मोजली. १७.२ आणि २३.६. मी म्हटलं, "यात अवघड काय आहे? सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे आमच्याकडे वेगळं खातं."

ताई हसली. "आता पुढचे चाळीस मोज."

मोजले. चौदा जण एकोणीस आणि साडेवीसच्या मध्ये निघाले. अंगाने लहान असलेला थोरला आणि अंगाने मोठा असलेला धाकटा एकाच मापाचे भरतात. त्यात वाळल्यावर चोच आक्रसते. किती आक्रसते ते कुणीही लिहून ठेवलेलं नाही. निसर्गात तपासणी विभाग नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

ताईने हातमोजे काढून पक्षी हाताळले. मी सोमलाची आठवण करून दिली. म्हणाली, "नंतर धुते की." चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसं अशी बेफिकीर होतात.

९ जानेवारी, गुरुवार

घरात ताईचं वागणं विचित्र झालंय. एकटं राहिल्याचे परिणाम. मिठाची बरणी मी खिडकीशी ठेवली, तर अर्धा तास अबोला. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, खुर्चीसुद्धा टेबलापासून ठरलेल्या अंतरावर. भर दुपारी सगळे दिवे चालू. वर्तमानपत्र येतं, पण उघडत नाही. "तू वाच मोठ्याने, तुला काय काम आहे?" चहा ओतताना कपात बोट घालते. आईने हे पाहिलं असतं तर दोघींना घराबाहेर काढलं असतं.

पण मी पाहुणी आहे.

१३ जानेवारी, सोमवार

संग्रहालयाच्या शिपायाला सगळे मामा म्हणतात. मामांनी आज जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड पांढऱ्या रंगाने रंगवली. छत अजून गळतंय, भिंतींचे पोपडे निघालेत, आणि रंग पायऱ्यांना! मी विचारलं, "पायऱ्यांनाच का?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं दिसतं ना."

त्यांना कामाचा क्रम कळत नाही. माणूस चांगला आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

ताईने नवीन टूम काढली आहे. मी मोजण्याआधी ती पक्षी हातात घेते, डोळे मिटते, अंगठा चोचीवरून बुंध्यापासून टोकापर्यंत फिरवते, दोन बोटांत नडगी धरते आणि सांगते: थोरला. किंवा धाकटा. किंवा "बाजूला ठेव."

"बघत का नाहीस?"

"बघून फसायला होतं. टोकाकडचा फुगवटा बोटाला नीट लागतो. धाकट्याचा आखूड, बोथट. थोरल्याचा लांब असतो, निमुळता होत जातो."

आजवर चौसष्ट झाले. सत्तावन्न वेळा तिचं आणि व्हर्निअरचं एकमत. सात वेळा "बाजूला ठेव". मला ते आवडत नाही. आमच्याकडे माल पास व्हायचा किंवा नापास. बाजूला ठेवायला तिसरा डबा नव्हता.

डोळे मिटणं हा निव्वळ दिखावा आहे. लहानपणी शाळेच्या नाटकात पोलिसाचं काम मिळालं होतं, तेव्हाही ती असंच करायची.

२२ जानेवारी, बुधवार

येता-जाता ताई आता माझ्या कोपराला धरून चालते. आधी अवघडल्यासारखं झालं. आम्ही लहानपणीही हातात हात घालून चालणाऱ्या बहिणी नव्हतो. आमचं नातं मुख्यतः वेणी ओढण्याचं. पण वय वाढलं की माया वाढते म्हणतात. मी कोपर काढून घेतलं नाही.

आज नग ७८ ते ९०.

२८ जानेवारी, मंगळवार

संचालकबाईंबद्दल लिहायचं राहिलं. वय चौतीस, चालणं वाऱ्यासारखं. खोलीत येताना दर वेळी दारातूनच मोठ्याने सांगतात, "ताई, मी, संचालक." जसं काही कुणी त्यांना ओळखणारच नाही! पद नवीन असलं की असं होतं. ताईला येणारे सगळे कागद त्या हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत छापून पाठवतात. चार ओळींच्या सूचनेला तीन पानं. कागदाच्या नासाडीबद्दल मी ताईशी बोलले. ताई म्हणाली, "असू दे गं. मुलगी गुणाची आहे."

३ फेब्रुवारी, सोमवार

आज फार वाईट झालं.

मोजून झालेले पक्षी ताई दोन ट्रेमध्ये लावते. ट्रे सारखेच आहेत, म्हणून मी एकावर "धा" आणि एकावर "थो" असं काळ्या रंगात लिहून ठेवलंय. डावीकडे धाकटे, उजवीकडे थोरले. शनिवारी मामांनी टेबल पुसलं आणि ट्रे परत ठेवताना उलटे ठेवले. ताईने आज सकाळपासून बावीस पक्षी उलट लावले. धाकटे थोरल्यांत, थोरले धाकट्यांत. मी खाली मान घालून मोजत होते, माझ्या लक्षात दुपारी आलं. सगळे परत मोजावे लागले.

मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय! आंधळ्यालाही दिसेल."

ताई उठून खिडकीशी गेली आणि हाताने चौकट चाचपत उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "घाईत झालं."

घाई कसली? तिने सबंध सकाळ गाणं गुणगुणत काढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नीट लागली नाही. बहीण एका बाजूला, काम एका बाजूला. कारखान्यात मी सख्ख्या मैत्रिणीचा लॉट परत पाठवला होता, आणि ती नंतर माझ्याशी बोललीही. चूक दिसली तर नोंद करायची. नोंद केली नाही तर एकशे त्रेचाळीसपैकी कुठल्याच ओळखीवर कुणी विश्वास का ठेवावा?

विसंगतीचा अहवाल लिहिला. दीड पान. भाषा सौम्य: "वर्गीकरण करणाऱ्या व्यक्तीचे कामाकडे लक्ष नसल्याचे आढळते." आवक टेबलावर शिक्का मारून घेतला, पोच घेतली. ताईला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

संचालकबाईंनी अकरा वाजता बोलावलं. अहवाल समोर होता. म्हणाल्या, "हा शिक्का मारून का दिलात? नुसतं येऊन सांगायचं होतं."

"पद्धत तीच आहे."

"पण तुम्ही तर त्यासाठीच आलात ना?"

"कशासाठी?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेरा तारखेला मामांनी पाहिलं होतं तसंच. मग उठल्या आणि दार लावून आल्या.

ताईला दिसत नाही. नजरेच्या मधला भाग गेलाय, कडेचं थोडं उरलंय. दोन वर्षं झाली. उपचार झाले, उपयोग झाला नाही. संचालकबाईंना माहीत आहे. मामांना माहीत आहे. फाटकावरच्या रखवालदाराला, कोपऱ्यावरच्या फळवाल्याला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

मी तिच्या घरात एक महिना राहतेय. रोज मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतेय.

आज नग नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नग क्रमांक ३१ पाच वेळा मोजला. १९.६, २०.१, १९.३, १९.९, २०.४. पक्षी तोच, व्हर्निअर तोच. लवकर घरी आले. पायऱ्या उतरताना कडा पाहिल्या. पांढरा रंग खरंच चांगला दिसतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ताई चहा ओतत होती. कपात बोट. मी म्हटलं, "भाजत नाही का?"

"सवय झाली."

"मला कळलंय."

तिने किटली ठेवली. बरोबर तिच्या जागेवर. "कुणी सांगितलं?"

"संचालकबाईंनी. तू का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"लगेच आले असते!"

"तेच तर. आली असतीस, आणि मला धरधरून बाथरूमला नेलं असतंस. सेवा करणारी नको होती मला. मोजणारी हवी होती. माझं बोट खरं सांगतं की खोटं, ते मला कुणाकडून तरी तपासून घ्यायचं होतं. आणि तू कुणाच्या बापाची भीड ठेवत नाहीस."

"मला वाटलं, माझी नोकरी गेली म्हणून तू दया करून बोलावलंस."

"दया? तुझी?" ताई इतकी हसली की ठसका लागला. "बारके, तुझा स्वभाव पाहून कुणाला दया येईल?"

मीही हसले. मग मला रडू आलं. ते तिला दिसणार नाही अशा समजुतीने मी खुशाल रडले, तर म्हणाली, "नाक पूस." ऐकू तर येतंच की तिला. हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग अहवालाचं सांगितलं. आंधळ्यालाही दिसेल म्हणाले होते त्याचंही. ती बराच वेळ बशी गोल गोल फिरवत बसली.

"लक्ष नसल्याचे आढळते, असं लिहिलंस?"

"हो."

"लक्ष होतं. ते वाक्य चुकीचं आहे. बाकी बरोबर आहे."

"मी अहवाल मागे घेते."

"मुळीच नाही. बावीस पक्षी चुकले होते, ते खरं आहे. मागे घेतलास तर उरलेल्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

माझंच म्हणणं तिच्या तोंडून ऐकताना ते मला अजिबात पटलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्का बसलेला कागद दाबता येत नाही. तो मोठ्या संग्रहालयाला गेला आणि तिकडून परीक्षक येणार असं उत्तर आलं. त्यांचं समाधान झालं नाही तर सगळे १४३ अनोळखी धरणार. संचालकबाई म्हणाल्या, "तुमचा दोष नाही." त्यांना खोटं बोलता येत नाही.

ट्रेच्या कडांना आता खाचा पाडल्या आहेत. धाकट्यांना एक, थोरल्यांना दोन. कानसेने पाऊण तास लागला. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

परीक्षक आले. साठीचे, कोट ढगळ, बोलणं कमी. सोबत त्यांच्या संग्रहातले तीस पक्षी पेटीत आणले होते. त्या तिसांची ओळख पिसाच्या तपासणीतून पक्की झालेली. चिठ्ठ्या काढून नुसते क्रमांक लावलेले.

काही सुरू व्हायच्या आत ताई म्हणाली, "एक आधी सांगते. मला समोरचं दिसत नाही. तुमचा चेहरासुद्धा दिसत नाही. मी बोटांनी ओळखते." या दोन वर्षांत तिने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं असेल. कोपऱ्यात मामा उगाचच टेबल पुसायला लागले.

परीक्षक म्हणाले, "बोटांनी कसं, ते बघायला आवडेल."

आधी तिने, मग मी. एकमेकींचं ऐकू नये म्हणून मला बाहेर बसवलं. पन्नास मिनिटं. मग माझी पाळी. मी चोच, नडगी, पंख मोजून तिसांच्या तिसांना उत्तर दिलं. एकही सोडला नाही.

निकाल. ताईने सव्वीस सांगितले, सव्वीसच्या सव्वीस बरोबर. चौघांना "सांगता येत नाही". मी तीस सांगितले, सत्तावीस बरोबर. माझे तीन चुकले ते ताईने सोडलेल्या चौघांतलेच. नव्वद टक्के. कारखान्यात नव्वद टक्क्यांना घरी पाठवतात.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "दोघींचं जिथे एकमत असेल ते नग मी मानतो."

"आणि उरलेले?" मी विचारलं. "ते भट्टीत?"

"तुम्ही मापं किती काळजीने घेतली आहेत?"

ताईच आधी बोलली. "तिच्याबरोबर एकदा भाजी घ्यायला जाऊन बघा."

ते हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. म्हणाले, "मापं नीट असतील तर चिठ्ठीवर अनिश्चित लिहा. पुढेमागे कुणाला तरी कळेल. चुकीचं नाव लिहिलेला पक्षी मात्र आम्हाला नको."

जाताना त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि अंगठ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. ताई सांगत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यादी पूर्ण. धाकटे ८८, थोरले ३८, अनिश्चित १७. एकूण १४३. भट्टीत कुणी नाही.

अनिश्चितांच्या चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या. पहिल्या तीन-चार लिहिताना पेन जड वाटलं. नंतर तसं काही वाटलं नाही.

उद्या ताईच्या नोकरीची मुदत संपते. संचालकबाई वाढवून देणार होत्या, पण ताई नको म्हणाली. "कपाट रिकामं झालं, आता कुलपाला पहारा कशाला?" तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं. मग रिकाम्या खणांवरून हात फिरवत बसली. सगळे खण, वरून खाली. मी व्हर्निअर पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

मी यादी टंकून झाली की निघायचं ठरवलं होतं. यादी टंकून झाली आहे. पण नजरचुका तपासायला हव्यात, दोन-तीन आठवडे सहज जातील.

२ मार्च, रविवार

सकाळी ताईला किनाऱ्यावर घेऊन गेले. खरं म्हणजे तिनेच मला नेलं. वाट तिला पाठ आहे, मी फक्त खड्डे सांगत होते. ओहोटी होती. चिखल लांबवर चकाकत होता. ताईची जुनी दुर्बीण तिवईवर लावली.

मी १४३ पक्षी हाताळले, पण जिवंत एकही पाहिला नव्हता. पहिल्यांदा एक शांत बसलेला सापडला. पाठ, पोट, उभं राहण्याची ढब, सगळं चार मिनिटं ताईला सांगितलं. मग पाण्याची लाट येऊन त्याच्यावरून गेली. दगड होता.

"चालायचं," ताई म्हणाली. "मी एकदा दगडाचं चित्रसुद्धा काढलं होतं."

मग खरे दिसले. अकरा. तुरुतुरु पळायचे, एकदम थांबायचे, काहीतरी टिपायचे, परत पळायचे. जवळजवळ दोन महिने मी त्यांची नडगी मोजली, आणि ती पळण्यासाठी असते हे डोक्यातच आलं नव्हतं.

"पळतात कसे ते सांग," ताई म्हणाली.

"पळतात."

"नीट सांग गं."

मी प्रयत्न केला. काहीतरी घरी विसरल्यासारखे निघतात, मध्येच ते खिशातच असल्याचं आठवतं आणि थांबतात, असं सांगितलं. ताईने डोळे मिटले. मी आणखी सांगत गेले. एरवी मी एवढं बोलत नाही.

"थोरले किती, धाकटे किती?"

एवढ्या लांबून व्हर्निअरचा उपयोग नव्हता. "सांगता येत नाही," मी म्हटलं. ताईने मान डोलावली.

पाणी चढायला लागलं. चपला भिजल्या तेव्हा आम्ही मागे सरकलो, आणि त्या हालचालीने सगळेच्या सगळे एकदम उडाले. आमच्या डोक्यावरून आवाज करत गेले आणि किनाऱ्याला वळसा घालून दिसेनासे झाले. मला तो एकच कलकलाट वाटला. ताईने मान वर केली होती, तोंड थोडं उघडं, फोन ऐकणाऱ्या माणसासारखं.

"दोन थोरले," ती म्हणाली. "मागे होते. बाकी सगळे धाकटे. लिही."

मला तपासायला काहीही साधन नव्हतं. पक्षी गेले होते. खिशातून नोंदवही काढली, तारीख टाकली, वेळ टाकली. थोरले २, धाकटे ९.

न मोजलेला आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"अनिश्चित वगैरे नाही ना टाकलंस?"

"नाही."

तिने माझं कोपर धरलं. परतीच्या वाटेवर पाच खड्डे आहेत. मी चार सांगितले, पाचवा तिने मला सांगितला.